पोस्टरवरून अफगाणिस्तान खोडू नका

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
सभागृह आणि कार्यक्रम समिती,
नागपूर

विषय : रबाब-तबला जुगलबंदीचा रद्द केलेला कार्यक्रम

महोदय, स.न.वि.वि.

आमचा कार्यक्रम तुम्ही फोनवरून रद्द केलात. तारीख मिळाली होती, अनामत भरून पावती घेतली होती, सीताबर्डीच्या छापखान्यातून पोस्टरंही आली होती. फोनवरचं कारण दोन वाक्यांत आटोपलं : ‘सध्या वातावरण बरोबर नाही’ आणि ‘कलाकार अफगाणिस्तानचा आहे हे आधी सांगायला पाहिजे होतं.’ आधीच सांगितलं होतं. अर्जाच्या पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत. अर्ज न वाचता तारीख द्यायची आणि न वाचताच काढून घ्यायची, हा आपल्याकडचा रिवाज आहे असं समजून मी गप्प बसलोही असतो. पण त्यानंतर तुमच्या कार्यालयात जे ऐकलं, त्यावर गप्प बसवेना. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते सगळ्यांनी वाचावं असं.

समितीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. भांडण निर्णयाशी आहे. तुमच्यातले काही जण माझ्या विद्यार्थ्यांच्या गुरुपौर्णिमेला भर पावसात येऊन बसलेले आहेत, ते मी विसरलेलो नाही.

माझा यात संबंध एवढाच की त्या कार्यक्रमात तबल्यावर मी होतो. मी इथल्या महाल भागात तबला शिकवतो. रबाब, म्हणजे अफगाणिस्तानचं तंतुवाद्य, वाजवणारा मुलगा पुण्याला शिकायला आला होता; तिथे अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षं येत आले आहेत. २०२१च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं आणि त्याचं परत जाणं राहून गेलं. त्याचं नाव इथे देत नाही. पोस्टरवरही त्याने पूर्ण नाव टाकू दिलं नव्हतं, कारण आईवडील अजून तिकडेच आहेत आणि मुलगा स्टेजवर वाजवतो ही बातमी त्यांना महागात पडू शकते. तेव्हा त्या पोस्टरवर त्याचं स्वतःचं म्हणता येईल असं एकच होतं, देशाचं नाव. तेही तुम्ही काढायला सांगितलंत. त्याकडे पुढे येतोच.

आधी तुमच्या कार्यालयातला तो प्रश्न. एका सदस्यांनी विचारलं, ‘बंदुका सोडून तिथं काय वाजवतेत जी?’ सगळे हसले. विचारणारे मनाने वाईट नाहीत, आणि हाच प्रश्न आमच्या गल्लीतही कुणी विचारला असता. म्हणून उत्तर देतो.

तिथे तबला वाजवतात. काबूलच्या जुन्या शहरात खराबात नावाचा मोहल्ला आहे. १८६०च्या दशकात अमीर शेर अली खानाने हिंदुस्थानातून गवई आणि साजिंदे दरबारात नेले, आणि त्यांच्या घराण्यांची वस्ती या मोहल्ल्यात रुजली. तीनताल तिथे आहे, तबल्यावरचा कायदा तिथे आहे, आपला भैरवी राग तिथे बैरामी होऊन नांदतो आहे. याच खराबातचे उस्ताद मोहम्मद हुसेन सारहंग, जन्म १९२४. वडिलांनी त्यांना गाणं शिकायला कुठे धाडलं? पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँ यांच्याकडे. बरीच वर्षं तालीम घेऊन ते काबूलला परतले आणि अफगाणिस्तानचे सर्वात मोठे गवई ठरले. आणि आपल्या शहरात ज्यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये दिमाखात उभं आहे, ते वसंतराव देशपांडे? नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि लाहोरला जाऊन असद अली खाँ यांच्याकडून मारवा घेऊन आले. (आमचा कार्यक्रम त्या सभागृहात नव्हता, गैरसमज नको.) एक काबूलहून खाली उतरला, दुसरा नागपूरहून वर गेला, आणि दोघांच्या झोळीत पडलं ते एकाच पंजाबातलं. नागपूरकराने काबूलचा रबाब ऐकायला बसावं यात परकं काय आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मग कुणीतरी पानिपत काढलं. मराठी माणसाकडे अफगाणिस्तानचा विषय निघाला की अब्दाली येणारच, ते मी धरूनच चाललो होतो. १७६१ची जखम खरी आहे. पण त्याच अठराव्या शतकात त्याच वाटेने पठाण रबाबही घेऊन आले. अमजद अली खाँ यांच्या बंगश घराण्यात सांगतात की त्यांचे पूर्वज रबाब घेऊनच हिंदुस्थानात आले. इथे त्या रबाबाचे पडदे गेले, गळ्यावर पोलादी पत्रा बसला, आतड्याच्या तातीच्या जागी धातूच्या तारा आल्या आणि त्याचा सरोद झाला. तुमच्याच मंचावर सरोदवादनाला तुम्ही हार-तुरे घेऊन उभे होता. तेव्हा पानिपत कुणाला आठवलं नव्हतं, आणि आठवायचं कारणही नव्हतं.

कंदाहारचंही निघालं. १९९९च्या डिसेंबरात आपलं विमान अपहरण करून तिथे नेऊन उभं केलं होतं. तेव्हा हा मुलगा जन्मलाही नव्हता. यावर याहून जास्त लिहीत नाही.

बामियानचा आक्षेप मात्र वेगळा. एक ज्येष्ठ सदस्य आवाज न चढवता म्हणाले, ‘दीक्षाभूमीच्या गावात बामियान विसरून कसं चालेल?’ त्यांचं दुःख मला कळतं. २००१च्या मार्चमध्ये पंचावन्न आणि अडतीस मीटर उंचीच्या त्या दोन बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या, तेव्हा या शहरात किती घरांत कालवाकालव झाली असेल ते वेगळं सांगायला नको. पण सर, बामियान कुणी फोडलं? तालिबानने. १९९६ ते २००१ या काळात संगीतावर बंदी घालून कॅसेटींच्या फिती चौकाचौकांत झाडांना आणि खांबांना कुणी लटकवल्या? त्यांनीच. २०२१च्या ऑगस्टमध्ये अंदराबच्या खोऱ्यात फवाद अंदराबी या लोकगायकाला घरातून ओढून काढून गोळी कुणी घातली? आणि २०२३च्या जुलैमध्ये हेरातमध्ये वाद्यांची होळी पेटली, तिच्यात गिटार होती, पेटी होती आणि तबला होता. हो, तबला. त्या फोटोकडे मी एक तबलजी म्हणून पाहिलंय, माझ्याच्याने दुसऱ्यांदा पाहवलं नाही. ज्या हातांनी बुद्ध फोडला त्याच हातांनी तबला जाळला, आणि त्या हातांपासून निसटून आलेला मुलगा नागपुरात वाजवायला बसला तर आपण त्याला सांगतो, बामियानचं उत्तर दे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच ना?

तालिबानचे परराष्ट्रमंत्री २०२५च्या ऑक्टोबरात दिल्लीत येऊन, पाहुणचार घेऊन गेले. राजकारणाला त्याची कारणं असतील, मी त्यात पडत नाही. पण बंदी घालणाऱ्याला दिल्लीत खुर्ची मिळावी आणि बंदीपायी घर सुटलेल्याला नागपुरात सतरंजीही मिळू नये, हे गणित मला सुटत नाही.

आणि आपल्या जामठ्याच्या मैदानाचं काय करायचं? २७ मार्च २०१६. टी-ट्वेंटी विश्वचषकात अफगाणिस्तानने वेस्ट इंडीजला सहा धावांनी हरवलं ते याच नागपुरात. वेस्ट इंडीजने पुढे तो चषकच जिंकला; त्या स्पर्धेत त्यांना हरवणारा हा एकच संघ. सामना संपल्यावर ख्रिस गेल अफगाण पोरांबरोबर नाचला आणि स्टँडमधल्या नागपूरकरांनी टाळ्या पिटल्या. झेंडा होता, राष्ट्रगीत होतं, पोस्टरवर देशाचं नाव होतं. वातावरण तेव्हा बरोबर होतं म्हणायचं.

आता तुमच्या तडजोडीबद्दल. तुम्ही अगदीच दार लावलं नाहीत, दोन अटी घातल्यात. कार्यक्रम रद्द केल्याबद्दल जितकी तक्रार आहे, तितकीच या अटींबद्दल आहे. खरं तर जास्तच.

पहिली अट, पोस्टरवरून अफगाणिस्तान काढा आणि ‘सूफी फ्यूजन’ लिहा. हे वाजवणं सूफी नाही आणि फ्यूजनही नाही. काबूलकडची नगमा-परंपरा आहे. ‘सूफी फ्यूजन’ म्हटलं की प्रेक्षक डोळे मिटून मान डोलवायला येतो. आम्हाला तो डोळे उघडे ठेवून यायला हवा होता. नागपूर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना संत्री, सावजी आणि मे महिन्यातलं ऊन एवढंच आठवतं, याचा आपल्याला केवढा राग येतो! परगावी कार्यक्रमाला गेलं की ‘तुमच्याकडे गाणंबिणं असतं का हो’ असं विचारणारे मला भेटले आहेत. आणि आपणच एका आख्ख्या देशाचं नाव पुसून त्याच्या जागी अत्तराचा फाया लावायला निघालो.

दुसरी अट, सादर होणाऱ्या सर्व रचनांची संहिता आणि ध्वनिमुद्रण आठ दिवस आधी जमा करा. महोदय, जुगलबंदीची संहिता कुठून आणू? तिथे काय होणार हे आम्हालाच ठाऊक नसतं. तुमच्या मंचावर ख्याल गाणाऱ्या कुठल्या गायिकेकडून तुम्ही आजवर तानांची यादी मागितली आहे? नाटकाचं परिनिरीक्षण असतं हे माहीत आहे. आलापाचं परिनिरीक्षण पहिल्यांदाच ऐकलं.

पण गंमत बाजूला ठेवतो, कारण आमच्या कार्यक्रमाचा जीव नेमका त्या न ठरवलेल्या भागात होता. ते थोडं सविस्तर सांगतो.

रबाब तुम्ही जवळून पाहिलाय का? तुतीच्या एका सबंध ओंडक्यातून कोरून काढलेलं वाद्य. पोटावर कातडं ताणलेलं, म्हणजे तबल्याचंच नातलग. वाजवायच्या मुख्य तारा तीन, आणि बाजूला तरफेच्या तारांची रांग. त्यांतली एक आखूड तार घोडीवर जराशी उचललेली असते. वादक मुख्य तारेवरच्या स्वरांच्या मधल्या फटीत तिच्यावर जव्याचा, म्हणजे तार छेडायच्या नखीचा, टिचका मारत राहतो. याला ते परंदकारी म्हणतात. दुगुनीत गेलं की एकाच वाद्यात दोन माणसं भांडताहेत असं वाटतं.

महालातल्या आमच्या खोलीत तालमीला त्याने बैरामीचा आलाप केला. त्याच्याकडे त्याला शक्ल म्हणतात. मग सात मात्रांत शिरला. मी सवयीने रूपक लावला, ती ती ना धी ना धी ना. आपल्या रूपकात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली. त्याचा सगळा जोर मात्र तिथेच. मी जिथे हात हलका ठेवत होतो तिथेच तो दणका देत होता. काही आवर्तनं आम्ही एकमेकांच्या पायात पाय घालत राहिलो. खोलीतली माझी शिकाऊ पोरं तोंड दाबून हसत होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, मुख्य तार सोडून दिली आणि नुसत्या परंदवर माझा ठेका वाजवून दाखवला. ‘तुझं म्हणणं असं आहे ना?’ मी बायाँ खोल दाबून त्याचा जोर उचलला. त्यावर त्याने तिहाई टाकली ती अर्धी मात्रा अलीकडेच संपवली, मुद्दाम, मला पाडायला. मी पडलो नाही, हे नम्रपणे नमूद करतो. हसणाऱ्या पोरांतला एक, नववीतला, नंतर म्हणाला, ‘सर, हा तर आपल्यासारखीच खोडी काढते.’

त्या पोराला अफगाणिस्तानवर व्याख्यान दिलं असतं तर त्याने जांभई दिली असती. पठाणी पगड्या घालून बसवलेलं लोकनृत्य दाखवलं असतं तर मोबाइलवर फोटो काढून तो घरी गेला असता, मनातलं चित्र जसंच्या तसं घेऊन. बसवलेल्या कार्यक्रमात माणूस देशाचा नमुना म्हणून उभा असतो. अफगाण माणसाच्या वाट्याला दोनच भूमिका येतात, बंदूकवाला नाहीतर बिचारा. उपजेत, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्यात, त्याला दोन्ही घेता येत नाहीत. तिथे त्याला त्या क्षणी विचार करावा लागतो, समोरच्याचं ऐकावं लागतं, फसावं लागतं, सावरावं लागतं, आणि हे सगळं प्रेक्षकासमोर उघड्यावर होतं. डोकं चालवणारा, खोड्या काढणारा, हट्टी असा एक माणूस दिसू लागतो. एवढंच आम्हाला नागपूरकरांना दाखवायचं होतं. संहिता मागून तुम्ही नेमकं तेच काढून घेताय. रचना ठरवा, तपासून घ्या, मग वाजवा, म्हणजे पुन्हा नमुनाच.

आणि हे मी हवेत बोलत नाही. १९७४ साली अमेरिकेत, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उस्ताद मोहम्मद उमर यांनी रबाब वाजवला. काबूल रेडिओवर नावाजलेले, वयाने आणि मानाने ज्येष्ठ. तबल्यावर होते तेवीस वर्षांचे झाकीर हुसेन. ती मैफल ध्वनिमुद्रित झाली आहे आणि आजही ऐकायला मिळते. ऐका, आणि मला सांगा की तबलजी कोणत्या देशाच्या माणसाशी बोलतोय याने काही अडलेलं जाणवतं का. झाकीरभाई २०२४च्या डिसेंबरात गेले तेव्हा तुमच्या समितीने श्रद्धांजली सभा घेतली होती. मी त्यात वाजवलं होतं. त्यांचा वारसा चालवण्याबद्दल तेव्हा मंचावरून बरंच बोललं गेलं.

त्याच महिन्यात युनेस्कोने रबाब घडवण्याची आणि वाजवण्याची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान या चार देशांच्या नावाने. त्यांतल्या अफगाणिस्तानात आज रबाब उघडपणे वाजवायची सोय नाही. २०२४च्या ऑगस्टमधल्या कायद्याने बाईचा गाता आवाज घराबाहेर ऐकू येणंही गुन्हा झालं. काबूलमध्ये २०१०मध्ये सुरू झालेली संगीताची राष्ट्रीय संस्था, जिथल्या मुलींच्या वाद्यवृंदाने, जोहराने, जगभर कार्यक्रम केले, ती आता पोर्तुगालमध्ये चालते. संस्थापक अहमद सरमस्त २०१४मध्ये काबूलच्या एका सभागृहात नाटकाच्या प्रयोगाला बसलेले असताना आत्मघाती स्फोटात जबर जखमी झाले होते. हे संगीत आज जिवंत राहायचं तर देशाबाहेरच्या मंचांवरच राहणार आहे. पोर्तुगालला जमतं ते नागपूरला का जमू नये? आमच्या तबल्याचं तर ते सख्खं भावंड आहे.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. अनामत परत करताना ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून काही रक्कम कापली, तिचा तपशील दिला नाही. रद्द केल्याचं पत्र अजून मिळालेलं नाही. मुलाने पुण्याहून काढलेलं तिकीट वाया गेलं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मागण्या अशा.

कार्यक्रम कोणत्या नियमाखाली आणि कुणाच्या तक्रारीवरून रद्द केला ते लेखी कळवावं. तक्रारच आली नसेल तर तसं लिहावं, लाजायचं काही नाही.

त्याच सभागृहात नवी तारीख द्यावी. पोस्टरवर ‘रबाब (अफगाणिस्तान)’ असंच छापलं जाईल.

राग-ताल-उपजेच्या मैफलीसाठी संहिता आणि आगाऊ ध्वनिमुद्रण मागण्याची अट मागे घ्यावी. आमच्यापुरती नको, सगळ्यांसाठी. उद्या ती कुणा दुसऱ्यावर उगारली जाईल.

मैफलीच्या सकाळी शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी विनामूल्य प्रात्यक्षिक ठेवू द्यावं. मुलांनी त्याला वाटेल ते विचारावं, बामियानबद्दलही. तो उत्तर द्यायला तयार आहे, मी विचारून घेतलं आहे. ज्यांनी दीक्षाभूमीचा प्रश्न काढला त्या ज्येष्ठ सदस्यांना पहिल्या रांगेत बसण्याची विनंती.

पोलिसांची परवानगी आणि बंदोबस्ताचा अर्ज आम्ही करू. त्याची काळजी तुम्ही करू नये.

कापलेली रक्कम आणि तिकिटाचे पैसे त्या मुलाला द्यावेत. मला नकोत.

अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात सभागृहं मिळत नाहीत हे मी जाणतो, त्यामुळे अमुकच तारीख हवी असा हट्ट नाही. फक्त ऊन तापायच्या आत द्या. रबाबाचं कातडं आणि माझ्या तबल्याची पुडी, दोन्ही एप्रिलनंतर सुरात राहत नाहीत.

तुमचं उत्तर आलं की तेही मी असंच उघड प्रसिद्ध करीन, एक शब्दही न कापता.

आपला,
एक तबलावादक,
महाल, नागपूर